खटका कसा गेला?

मुक्तिधामात त्याला आणून ठेवलं होतं आणि जो येईल तो एकच विचारत होता, "कसा गेला?"

त्याचा मुलगा एकेकाला सांगत होता, "आपोआप गेले. झोपेतच गेले."

मला हसू आलं. मयतीत हसणारा माणूस मी नाही. रुमाल तोंडावर धरला, मान खाली घातली, पण खांदे काही थांबेनात. कारखान्यातल्या आमच्या शॉपमधल्या एका जुन्या माणसाला वाटलं मी रडून राहिलो. त्यानं पाठीवर हात फिरवला. म्हणाला, "धीर धरा भाऊ. तुमचं त घरचंच दुःख अजून ताजं हाये." मी नुसती मान हलवली. बोललो असतो तर हसलो असतो.

गोष्ट अशी की "कसा गेला?" हा प्रश्न त्याचा होता. तीस वर्षं त्यानं तो आम्हा सगळ्यांना विचारला. त्याच्या हातात आपला चाकू, कपाळावर आठ्या, आणि प्रश्न, "कसा गेला?" त्यावर जो कोणी "आपोआप गेला" म्हणेल त्याचा चाकू तो परत त्याच्या हातात ठेवायचा.

"आपोआप पाऊस येते बे. खटका कोनाच्या तरी हातानं जाते. आठवलं की ये."

आणि आता तो स्वतः तिथं पडलेला, त्याचाच मुलगा शंभर माणसांना सांगतोय की आपोआप गेले, आणि याला उठून भांडता येत नाही. यापेक्षा मोठी शिक्षा त्या माणसाला देवानंही दिली नसती.

खटका म्हणजे घडीच्या चाकूचा कुलपासारखा भाग. पातं उघडलं की मुठीच्या पाठीवरची पट्टी त्याच्या खाचेत जाऊन बसते आणि खालच्या स्प्रिंगच्या जोरावर पातं धरून ठेवते. मिटायचं असेल तर पाठीवर अंगठ्यानं दाबायचं, पट्टी उचलली जाते, पातं सुटतं. एवढंच. पण ती पट्टी नीट बसली नाही, तर कापता कापता चाकू आपल्याच बोटांवर मिटतो. लोक धार बघतात. हा धार बघतच नव्हता. म्हणायचा, "धार त रस्त्यावरचा सायकलवाला बी लावून देते. खटका कोन पाहाते?"

समोर आम्ही त्याला भाऊ म्हणायचो. मागं नाव होतं खटका. दोन कारणांनी. एक म्हणजे वसाहतीतल्या सगळ्या सेक्टरचे चाकू तो दुरुस्त करायचा, एक रुपया न घेता. दुसरं म्हणजे त्याचे सगळ्यांशी खटके उडायचे. फोरमनशी उडाले, कँटीनवाल्याशी उडाले, स्वतःच्या व्याह्याशी लग्नाच्या मांडवात उडाले, कारण व्याही खटक्याच्या चाकूनं सोड्याच्या बाटलीचं झाकण उघडत होता.

प्लांटात तो फिटर होता आणि मी ऑइलमन. म्हणजे मशीनला तेल आणि ग्रीस द्यायचं माझं काम. बेअरिंग दिसलं की ग्रीस भरायचं. बावीस वर्षं तेच केलं. पुढं काय झालं ते समजायला हे लक्षात असू द्या.

मिलच्या आवाजानं त्याचे कान लवकर गेले. आमचे सगळ्यांचेच थोडेफार गेले, घरी टीव्ही एवढा मोठा लावतो की शेजारी आपला बंद ठेवतात. पण ह्याला तर खटक्याचा आवाज ऐकायचा असायचा. म्हणून तो चाकूची मूठ दातांत धरायचा, पातं तोंडापासून लांब, आणि हळूच उघडायचा. तो 'खट्' त्याला दातांतून, हाडातून ऐकू यायचा. डोळे मिटून ऐकायचा, जसे काही लोक गाणं ऐकतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटायचं हा माणूस चाकू खातो. आमची ही पहिल्यांदा पाहून उठूनच उभी राहिली होती. "अवो, भाऊजी काय करून राहिले! धरा त्यायले!"

म्हातारपणी दात गेले आणि कवळी आली. तेव्हा तो महिनाभर सगळ्यांवर चिडून होता. "कवळीत काही ऐकू येत नाई बे. प्लास्टिक हाये ते. प्लास्टिकले काय समजते?" मग तो कवळी काढून खिडकीत ठेवायचा आणि मूठ जबड्याच्या हाडाला लावायचा. चहा द्यायला आलेली त्याची सून आधी खिडकीकडं बघायची. कवळी खिडकीत असली तर कप ठेवून मुकाट्यानं निघून जायची. सासऱ्याशी तेव्हा बोलायचं नसतं हे तिला कळलं होतं.

गेटवरची गोष्ट सांगतो. चाकू आत न्यायला बंदी. म्हणून हा पातं घरी ठेवायचा आणि नुसती पट्टी नि स्प्रिंग डब्यात घालून न्यायचा, जेवणाच्या सुट्टीत दगडावर घासायला. एक दिवस गेटवरच्या जवानानं डबा उघडला. भाजीच्या शेजारी कागदात लोखंडाचा तुकडा.

"ये क्या है?"

"खटका."

"किसका खटका?"

"चाकू का."

"चाकू कहाँ है?"

"घर पे."

"तो ये इधर क्या कर रहा है?"

"ड्यूटी," हा म्हणाला.

तासभर बसवून ठेवलं त्याला. मी पाळी संपवून बाहेर आलो तर हा नि जवान शेजारी शेजारी बसलेले. जवानानं स्वतःच्या पेटीतून स्वतःचा चाकू काढलेला. त्याचाही खटका ढिला होता. आणि हा विचारत होता, "कैसा गया?"

"अपने आप गया, काका."

ह्यानं चाकू मिटून त्याच्या मांडीवर ठेवला आणि उठून चालू लागला. तिसऱ्या दिवशी जवानानं लांबूनच हाक मारली, "काका! चाबी गुम गई थी, उससे पेटी का ताला खोला था!" ह्यानं हात पुढं केला, "लाओ."

लोक खोटं बोलायचे म्हणून त्याला राग नव्हता. त्याला खरंच कळायला हवं असायचं. म्हणायचा, पेचकसासारखा वापरला असेल तर खाचेचा एक कोपरा जातो, रंगाचा डबा उघडला असेल तर पातं ज्या खिळ्यावर फिरतं तो खिळा हलतो, आणि काहीच केलं नसेल, नुसतं साफ केलं नसेल, तर खाचेत घाण बसते आणि पट्टी अर्धीच टेकते. दहातले आठ खटके त्याच्या मते बिघडलेलेच नसतात, घाण झालेले असतात. त्याच्या बिस्किटाच्या डब्यात हत्यारं अशी नव्हतीच. केस अर्धे कापलेला दात घासायचा ब्रश, कडुनिंबाच्या तासलेल्या काड्या, बाटलीत मिट्टीतेल म्हणजे रॉकेल, शिलाई मशीनच्या तेलाची कुपी, आणि पेन्सिलीचे तुकडे. काडीनं खाच कोरायची, मिट्टीतेलात ब्रश बुडवून धुवायची, उन्हात वाळवायची. मग पेन्सिलीचं शिसं नखानं कुसकरून त्याची पूड पट्टीच्या टोकाला चोळायची. खिळ्यावर तेलाचा एक थेंब, तोही पुसून घ्यायचा. खिशाला कायम पेन्सिल लावलेली असायची म्हणून नव्या पोट्ट्यांना वाटायचं हा काहीतरी लिहितो. तो माझ्याएवढाच शिकला होता. म्हणजे सही येत होती.

आता माझी गोष्ट. म्हणजे त्याचीच, पण त्यात मी चांगला दिसत नाही.

आमच्या हिचे गुडघे गेले तेव्हा विळीवर बसता येईना. जन्मभर विळीवर भाजी चिरलेली बाई, उभ्यानं ओट्यावर सुरी चालवायला तिला जमेना. पायही दुखायचे. मग अहिवाऱ्याच्या बाजारातून तिनं एक घडीचा चाकू आणला. शिंगाची मूठ, दोन्ही टोकांना पितळ. मागच्या अंगणात हिरव्या प्लास्टिकच्या वायरची खुर्ची, मांडीत ताट, आणि हातात हा चाकू. हुडको वसाहतीतल्या आमच्या घरामागं बिहीचं, म्हणजे पेरूचं, झाड आहे. आमच्या गावाकडं त्याला जाम म्हणतात, इथं हिंदी मुलखात बिही. ती आली तेव्हा जाम म्हणायची, पाच वर्षांत बिही म्हणायला लागली. मी कामावरून आलो की एक बिही चार फोडी करून, मीठ लावून पुढं ठेवायची. चाकू पुसून, मिटून कमरेच्या पिशवीत.

एकदा ती म्हणाली, "काहो, हा चाकू उघडाले कडक जाते. बोटं दुखतात माही."

मी ऑइलमन. सायकलीसाठी घरात ग्रीसची डबी होती. काडीनं घेतलं आणि चाकूच्या पोटात भरलं, चांगलं ठासून. क्रेनच्या बेअरिंगात भरतो तसं. तिला सांगितलं नाही. म्हटलं, आपोआप बरा झाला असं वाटू दे, खूश होईल. झालीही खूश. मऊ उघडायला लागला.

ग्रीसमध्ये धूळ बसली, मीठ बसलं, बिहीचा गर बसला. महिन्या-दोन महिन्यांत आत काचेला लावतात त्या लांबीसारखा लगदा झाला आणि पट्टी खाचेत जाईचना. एक दिवस भोपळा कापताना चाकू तिच्या बोटावर मिटला. पहिलं बोट. तीन टाके पडले.

आणि मी तिला काय म्हणालो ऐका. म्हणालो, "तुले धरताच नाई येत. सतरा वेळा पान्यात बुडवून ठेवतं, दुसरं काय होईन?"

ती दोन दिवस बोलली नाही. मीही नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघं चाकू घेऊन त्याच्याकडं गेलो.

त्यानं चाकू घेतला, दातात धरला, उघडला. डोळे उघडून आमच्या दोघांकडं पाहिलं.

"कसा गेला?"

मी म्हणालो, "हिनं पान्यात ठेवला."

त्यानं काडी घातली खाचेत आणि बाहेर काढली. टोकाला काळा लगदा. नाकाजवळ नेला. मग माझ्याकडं पाहिलं. ग्रीस काय असतं हे त्याला सांगायची गरज नव्हती. मी छताकडं बघून राहिलो. पंखा होता तिथं.

तेवढ्यात ही म्हणाली, "हो भाऊजी. मीच ठेवला पान्यात. माहीच चूक झाली."

मी वाट बघत होतो की आता हा चाकू तिच्या हातात परत ठेवेल. ठेवला नाही. "बरं," म्हणाला. मी त्याला कुणाचं खोटं असं गिळताना कधी पाहिलं नव्हतं. शॉपमध्ये मात्र आठ दिवस तो माझ्याशी बोलला नाही. नवव्या दिवशी एकच वाक्य बोलला, "तो काय क्रेन हाये?" आणि गेला.

चाकू साफ केल्यावर त्यानं निरोप पाठवला, वैनीला घेऊन ये, वैनीचा अंगठा पाहिजे. मी तिला सांगितलं तर म्हणाली, "आंगठा? काय कागदावर घेतात का?" गेलो. त्यानं सुनेकडून मळलेल्या कणकेचा गोळा मागवला. पाटावर ठेवला.

"वैनी, आंगठा दाबा. चाकू मिटताना दाबता तेवढाच. जास्त जोर नोका लावू."

हिनं दाबला. त्यानं काडी घालून खळगा मोजला. मग शेजारी स्वतःचा दाबला. तो दुप्पट खोल गेला.

"तुमचा जोर अर्धाच हाये वैनी."

"चाळीस वर्षं भाकऱ्या थापल्या भाऊजी. आंगठा झिजला."

"झिजला नाई, सुजला हाये. ह्यायले दिसत नाई काय?" असं म्हणून माझ्याकडं बोट दाखवलं.

"ह्यायले ग्रीस दिसते," ती म्हणाली, आणि दोघं हसले. मीही हसलो. मला वाटलं माझ्या कामाची थट्टा करून राहिले. तीन संध्याकाळी तिला बोलावून, तिच्या अंगठ्याखाली धरून धरून, त्यानं ती स्प्रिंग दगडावर घासून पातळ केली. आणि देताना मला बजावलं.

"गड्या, हा आता वैनीचा खटका हाये. नरम ठेवला हाये. तू हात नोको लावू. तुह्या आंगठ्याखाली हा सुटन."

तेव्हापासून तेरा वर्षं त्या चाकूला मी हात लावला नाही. पण तिच्या बोटावरचा तो पांढरा वण मला रोज दिसायचा. भाकरी वाढताना, मीठ टाकताना, बिहीची फोड पुढं करताना. बोलायचं एकच वाक्य होतं. ग्रीस मी भरलं होतं. पाच शब्दही नाहीत. तेरा वर्षांत मला ते बोलता आलं नाही. बोलू, बोलू म्हणत राहिलो. कधी पाहुणे होते, कधी ती रागात होती, कधी खुशीत होती, खुशीत कशाला मोडता घालायचा. मग एक दिवस सकाळी तिनं चहा ठेवला आणि तो उतू गेल्याचा वास आला म्हणून मी आत गेलो. तिथं संपलं.

भेटायला लोक आले. तोही आला. हातात काठी. माझ्यासमोर बसला. मग सवयीनं तोंडून गेलं त्याच्या, "कशा गेल्या?"

मी म्हणालो, "आपोआप."

त्यानं मान हलवली. भांडला नाही. तेव्हा मला कळलं की माझं किती गेलं.

तीन-चार महिन्यांनी झाडाला बिही लागल्या. मी तिची पिशवी काढली, चाकू घेतला, तिच्या खुर्चीत नाही, पायरीवर बसलो, आणि बिही कापायला गेलो. पहिल्याच दाबाला चाकू माझ्या बोटावर मिटला. मुलगा धावत आला. "बाबा, फेक दो ना इसको! लॉक ही नहीं है इसमें! मी तुमाले नवा आनून देतो." मुलगा चांगला आहे. पण अर्धं बोलणं हिंदीत आणि अर्धं माझ्या डोक्यावरून. मी म्हणालो, "तू आपलं काम कर." बोटाला चिंधी बांधली आणि रिक्षा करून कोहक्याला त्याच्या घरी गेलो.

तो अंगणात उन्हात बसला होता. मला पाहून "ये" म्हणाला नाही, हात पुढं केला. मी चाकू दिला. त्यानं कवळी काढली, सुनेला हाक मारली, तिनं ती नेऊन खिडकीत ठेवली. मूठ जबड्याला लावली, उघडला. तोंड वाकडं केलं. मग माझ्या बोटावरची चिंधी पाहिली.

"कसा गेला?"

मी म्हणालो, "आता कसा गेला ते नाई मालूम. पन तेव्हा कसा गेला ते सांगतो. ग्रीस मी भरलं होतं. तिनं पान्यात नव्हता ठेवला."

"मले कावून सांगतं?"

"मंग कोनाले सांगू?"

"मले त तेव्हाच मालूम होतं. तिले बी मालूम होतं."

"तिले कसं मालूम?" मी विचारलं.

"चाकू दिल्यावर खटका पाहाले आलो होतो ना तुह्या घरी, तू ड्यूटीवर होता. तेव्हा वैनीनं सांगतलं मले. म्हने, भाऊजी, ह्यायच्या शर्टाले रोज जो वास येते तोच वास चाकूले होता. मले पहिल्याच दिवशी समजलं. मी म्हटलं, मंग बोलल्या कावून नाई? म्हने, बोलली असती त त्यायले माफी मागा लागली असती. त्यायले मागता येत नाई. मागाले गेले असते त रडले असते, आन रडताना ते लय भैताड, येड्यावानी दिसतात."

एवढं सांगून तो बोळक्या तोंडानं हसला. मी हसलो नाही. मी काय दिसलो असेन ते तिनं आधीच सांगून ठेवलं होतं.

"आता सांगाचं असन त जिले सांगाचं तिले सांग," तो म्हणाला.

"ती कुठं हाये आता?"

"खुर्ची त हाये ना बे."

मग काडी माझ्या हातात दिली. "माहे हात कापतात. तूच कोर. ऑइलमन होता ना? ग्रीस भराले आलं, काढाले बी शीक." मी खाच कोरली. आतून एक कडक, पिवळट कण निघाला. बिहीचं बी. पट्टीच्या बरोबर खाली अडकलं होतं, म्हणून खटका अर्धाच टेकत होता. ती जाऊन चार महिने झाले होते. त्या चाकूनं शेवटची बिही तिनंच कापली होती. माझ्या तळहातावर ते बी होतं आणि मी ते खिशात ठेवावं की काय म्हणून विचार करत होतो, तेवढ्यात तो वाकला, बघितलं, आणि फू केलं. गेलं कुठंतरी अंगणात.

"भाऊ!" मी ओरडलो. "ते तिचं होतं!"

"घान होती," तो म्हणाला. "खटक्यात जे ठेवलं ते घानच."

त्या दिवशी आमचा खटका उडाला. मी त्याला खूप बोललो. माणूस आहे की दगड, असंही म्हणालो. तो पेन्सिलीचं शिसं कुसकरत बसला. मी दमल्यावर म्हणाला, "झालं? आता धू." मी मिट्टीतेलानं धुतला, वाळवला, शिसं लावलं, तेलाचा थेंब दिला. त्यानं जबड्याला लावून उघडला. डोळे मिटले. पट्टी पूर्ण बसली असणार, कारण त्याचं तोंड सरळ झालं.

"बसते बराबर. पन नरम हाये. तुह्या हातात पुन्हा सुटन. कडक स्प्रिंग टाकून देऊ काय? माह्या पोराले सांगतो बसवाले, तुह्या आंगठ्याची होईन."

"नको."

"बोट जाईन."

"जाऊ दे. हा तिचाच राहू दे."

"मंग वैनीसारखा धर."

मी चाकू हातात घेतला आणि मग लक्षात आलं की मला माहीतच नाही. तिनं कापलेलं मी इतकी वर्षं खाल्लं, आणि ती चाकू धरायची कशी, ते कधी पाहिलं नव्हतं. मान खाली घालून विचारलं, "कशी धरत होती?"

त्यानं माझ्या हातातून चाकू घेतला. धरून दाखवला. अंगठा पाठीवर नाही, बाजूला टेकलेला. खाली दोन बोटं. दाबायचं नाही, पुढं ओढायचं.

"असा. पाठीवर जोर दिलाच नाई तिनं कधी. तू देतं."

मुक्तिधामातून आलो, अंघोळ केली. सूनबाईनं विचारलं जेवता का, म्हटलं नंतर. आता तो गेला, म्हणजे ते ग्रीसचं माहीत असलेला मी एकटाच उरलो. कोहक्याहून आल्यापासून रोज ती खुर्ची बघत होतो आणि रोज तिला वळसा घालून जात होतो. आज तिच्यासमोर पायरीवर बसलो. एक बिही तोडली. चाकू उघडला, मूठ जबड्याला लावली. खट्. अंगठा बाजूला घेतला, खाली दोन बोटं, आणि हलक्या हातानं ओढला. चार फोडी झाल्या. खटका सुटला नाही. मीठ लावून दोन फोडी खुर्चीवर ठेवल्या.

"ग्रीस मी भरलं होतं," मी म्हणालो.

आतून सूनबाईचा आवाज आला, "बाबा, काही म्हनाले काय?"

"बिही गोड हाये म्हटलं," मी म्हणालो, आणि चाकू पुसायला घेतला. डोळे नंतर पुसले. भैताड दिसत असेन, पण बघायला कोणी नव्हतं.